प्लाया देल कार्मेन: सुट्टीला नाही, राहायला येणाऱ्यांसाठी

मी गणपतीपुळ्याच्या अलीकडच्या गावातली, त्यामुळे टुरिस्टांच्या गावात राहणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको असं मला वाटायचं. शहाळं पर्यटकाला एका भावात आणि गावातल्याला दुसऱ्या, हे लहानपणापासून बघतोय. तरी मेक्सिकोत प्लाया देल कार्मेनला आल्यावर पहिले आठ महिने मीच ती टुरिस्ट होते, सगळीकडे पाहुण्याचा भाव देत होते आणि मला पत्ताच नव्हता. नवरा इथल्या एका रिसॉर्टच्या किचनमध्ये आहे (अमेरिकेतल्या आपल्या लोकांची लग्नं हल्ली कानकून ते प्लाया या पट्ट्यात बरीच होतात, वऱ्हाडाला देशी जेवण लागतं), मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. तीन वर्षं झाली. अधूनमधून कोणीतरी मेसेज करतं की ताई आम्ही पण येतोय, काय काय लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

गाव कुठे आहे ते आधी. कानकून विमानतळापासून दक्षिणेला साधारण ५५ किलोमीटर, कॅरिबियन समुद्राच्या काठी, समोर कोझुमेल बेट. पूर्वी मासेमाऱ्यांची छोटी वस्ती आणि कोझुमेलला जायचा धक्का, एवढंच होतं. आता समुद्राला समांतर किंता आवेनिदा म्हणजे पाचवी अव्हेन्यू, तिथे दुकानं, बार, मसाजवाल्या पोरी, गळ्यात इगुआना (मोठा सरडा) घालून फोटो काढणारे, सगळी जत्रा. तुम्हाला राहायचंय ते गाव याच्या मागे आहे.

१. निघायच्या आधी: कागद

अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा न काढता पाहुणे म्हणून येता येतं, जास्तीत जास्त १८० दिवस, आणि नक्की किती द्यायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. काही जण असेच येतात आणि 'बघू पुढचं पुढे' म्हणतात. बघू नका. राहायचं असेल तर 'रेसिदेन्ते तेम्पोराल' म्हणजे तात्पुरत्या रहिवाशाचा व्हिसा घ्या, तो मेक्सिकोच्या बाहेर, म्हणजे आपल्यासाठी दिल्लीच्या एम्बसीत मिळतो. नोकरी असेल तर इथली कंपनी आधी इमिग्रेशनकडून परवानगी काढते आणि मग तुम्ही एम्बसीत जाता. नोकरी नसेल तर उत्पन्न किंवा बँकेतली शिल्लक दाखवायची असते, तो आकडा दरवर्षी बदलतो, त्यामुळे एम्बसीच्या पेजवरचाच धरा, कोणाच्या मावसभावाने २०२१ मध्ये किती दाखवले होते ते विसरा.

सोबत हे आणाच:

- पासपोर्ट, आणि त्याच्या प्रत्येक छापील पानाच्या पाच-सहा झेरॉक्स
- जन्माचा दाखला आणि लग्नाचा दाखला, दोन्ही अपोस्टिल केलेले (दाखला परदेशात चालावा म्हणून आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर)
- मुलं असतील तर त्यांचेही दाखले, तसेच अपोस्टिल करून
- सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट, बँकेचा शिक्का असलेली
- नेहमीच्या औषधांचं प्रिस्क्रिप्शन, चष्म्याचा नंबर

स्पॅनिश भाषांतर भारतात करून आणू नका, इथे सरकारमान्य भाषांतरकार असतात, 'पेरितो त्रादुक्तोर' म्हणतात, ऑफिसात त्यांचाच शिक्का चालतो. आणि एक: माझा जन्माचा दाखला बाबांनी प्रेमाने लॅमिनेट करून ठेवला होता. अपोस्टिलचं स्टिकर कागदाच्या मागे चिकटवतात, प्लास्टिकवर नाही. नवीन दाखला काढायला भावाने नगरपालिकेच्या तीन चकरा मारल्या आणि अजून ऐकवतो.

नावाचं सांगते, हे कोणी सांगत नाही. इथे माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांकडचं मग आईकडचं. आपल्या पासपोर्टवर मात्र स्वतःच्या नावाला लागून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. इथल्या कारकुनाला ते तुमचं दुसरं नाव वाटतं किंवा पहिलं आडनाव वाटतं, मूड असेल तसं. तुम्ही एकच करा, पासपोर्टमध्ये जसं छापलंय अक्षर न अक्षर तसंच प्रत्येक फॉर्मवर जाईल हे बघा आणि सही करायच्या आधी त्यांच्या स्क्रीनवर बघायला मागा. एक अक्षर चुकलं की पुढे बँकेत अडकतं.

तिकीट काढताना: विमान अमेरिकेवरून बदलत असेल तर नुसतं बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. स्वस्त दिसलं म्हणून घेऊन ठेवू नका.

२. कानकूनचा शिक्का

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. पासपोर्टमध्ये रेसिदेन्ते व्हिसा आहे, रांग मोठी आहे, अधिकारी दिवसभर बिकिनीवाल्यांना शिक्के मारून कंटाळलाय, तो तुम्हालाही टुरिस्टचा १८० दिवसांचा शिक्का मारतो आणि तुम्ही खूश, की अरे वा सहा महिने दिले. गेलं काम. तुम्हाला ३० दिवसांचा हवा आणि त्यावर 'कान्हे' लिहिलेलं हवं. कान्हे म्हणजे बदली, व्हिसा देऊन रहिवाशाचं कार्ड घेणं. पुण्याच्या लोकांना लक्षात ठेवायला सोपं, कामशेतच्या आधीचं स्टेशन. काउंटरवर व्हिसाचं पान उघडूनच पासपोर्ट द्या, 'कान्हे, पोर फावोर' म्हणा, आणि तिथून हलायच्या आधी शिक्का वाचा. मागचे ओरडू देत.

३. ३० दिवसांच्या आत कान्हे

फॉर्म ऑनलाइन भरायचा, फी बँकेत भरून पावती घ्यायची, पासपोर्ट आणि व्हिसाच्या, शिक्क्याच्या कॉप्या घेऊन इमिग्रेशन ऑफिसात. फी दर जानेवारीत बदलते. फोटो लागले तर चष्मा काढून, कान दिसतील असे, केस मागे (कानातले पण काढायला लावले मला). ३० दिवसांत प्रोसेस सुरू झाली पाहिजे, कार्ड हातात आलं पाहिजे असं नाही. पण कार्ड येईपर्यंत वेगळी परवानगी घेतल्याशिवाय देशाबाहेर जाता येत नाही, त्यामुळे या काळात घरचं लग्नकार्य ठेवू नका.

ऑफिसात लॅपटॉप वगैरे काही चालत नाही, कागद चालतो. हाफ पँट आणि चपला घालून जाऊ नका, बीचचं गाव असलं तरी ऑफिस हे ऑफिस आहे. आणि आत गेल्या गेल्या कामाचं विचारू नका, आधी 'बुएनोस दीआस' म्हणजे सुप्रभात, मग काम. दुकानात, बसमध्ये, लिफ्टमध्ये पण तसंच. आपण सरळ विषयाला हात घालतो ते इथे उर्मट वाटतं, मला हे कळायला फार वेळ लागला, तोपर्यंत भाजीवालीही माझ्याशी तुटक का बोलते असा विचार करत बसायचे.

कार्डावर 'कुर्प' नावाचा १८ अक्षर-अंकांचा नंबर येतो, आपल्या आधारसारखा. तो पाठ करा.

४. घर

पहिला महिना कुठेही राहा, पण घर इंटरनेटवर बघून पैसे पाठवू नका. फोटो दुसऱ्याच्याच फ्लॅटचे असतात, मालक 'सध्या परदेशात' असतो, आणि डिपॉझिट गेलं की फोन बंद. चालत फिरा. खऱ्या गावातल्या भावाच्या खोल्या दारावर 'से रेन्ता' अशी पाटी आणि फोन नंबर लावून असतात, त्या कुठल्याही साइटवर नसतात.

पत्ता वाचायला शिका, फार सोपा आहे. अव्हेन्यू समुद्राला समांतर आणि पाच-पाचने वाढतात: ५, १०, १५, २०, २५, ३०. त्यांना काटकोनात रस्ते, हुआरेस अव्हेन्यूपासून उत्तरेला २, ४, ६, ८ असे सम. म्हणून 'काये (म्हणजे रस्ता) २४, १५ आणि २० च्या मध्ये' म्हटलं की डोळे मिटून सापडतं. भावही तसाच वाचता येतो, अव्हेन्यूचा आकडा वाढला की भाडं उतरतं, आणि ३०७ नंबरचा हायवे ओलांडला की एकदम उतरतं. बारा नंबरच्या रस्त्याजवळ घेऊ नका, तिथे डिस्को आहेत, पहाटेपर्यंत खिडकीच्या काचा थरथरतात.

आता सापळा. इथे 'तेम्पोरादा आल्ता' म्हणजे मोठा सीझन डिसेंबर ते एप्रिल. मे महिन्यात मालक गोड बोलून स्वस्तात घर देतो, करार सहा महिन्यांचा, आणि नोव्हेंबरमध्ये सांगतो की सॉरी, डिसेंबरपासून टुरिस्टांना रात्रीच्या भावाने देणार, किंवा तुम्ही दुप्पट द्या. आमच्यावर ही वेळ आली, दोन बॅगा आणि प्रेशर कुकर घेऊन आम्ही नाताळच्या आठवड्यात खोली शोधत होतो. करार पूर्ण वर्षाचाच करा आणि भाडं पेसोमध्ये लिहून घ्या. 'आवाल' मागतील, म्हणजे मेक्सिकोत स्वतःची प्रॉपर्टी असलेला जामीनदार, तो आपल्याकडे कुठून असणार, मग एक जादा महिन्याचं डिपॉझिट देऊन बहुतेक जण तयार होतात.

घर बघताना नळ सोडा, फ्लश करा, खिडकीला डासांची जाळी आहे का बघा, आणि कपाट उघडून वास घ्या. कोंदट आला तर दुसरं घर बघा. कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी येते ना, इथे ती बारा महिने. माझी कांजीवरम साडी कपाटात होती, आता तिच्या पदरावर नकाशे आहेत.

५. लाईट बिल

या विषयाला वेगळं हेडिंग द्यायचं कारण, इथे माणसाचं अस्तित्व लाईट बिलाने सिद्ध होतं. 'कोम्प्रोबान्ते दे दोमिसिलिओ' म्हणतात, राहण्याचा पुरावा. बँक खातं, लायब्ररी, जिम, सगळीकडे तेच, आणि तीन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. घरमालकाच्या नावाचं असलं तरी बऱ्याच ठिकाणी चालतं, म्हणून दर वेळी बिलाचा पीडीएफ मालकाकडून घेऊन ठेवा.

वीज सरकारी कंपनीची, सेएफेए. बिल दोन महिन्यांनी येतं. साधा घरगुती दर सरकारी सवलतीचा असतो, पण गेल्या बारा महिन्यांची सरासरी ठरावीक मर्यादेच्या वर गेली की मीटर 'दाक' नावाच्या महागड्या दरात टाकतात, सवलत बंद. आणि ही सरासरी मीटरची असते, तुमची नाही. आधीच्या भाडेकरूने दिवसरात्र एसी चालवला असेल तर त्याची फळं तुम्ही भोगता. तेव्हा करारावर सही करायच्या आधी मागची दोन बिलं मागा, त्यावर दर कुठला ते लिहिलेलं असतं. मालक बिल दाखवायला कां कूं करत असेल तर समजून जा. मीटर तुमच्या एकट्याचा आहे ना तेही विचारा, नाहीतर खालच्या लाँड्रीचं बिल तुम्ही भराल.

भरायचं कुठे? ओक्सो. कोपऱ्याकोपऱ्यावर लाल-पिवळी दुकानं आहेत ती. फोनचा रिचार्ज, लाईट बिल, ऑनलाइन ऑर्डरचे पैसे, बर्फ, सगळं तिथे.

६. पैसे

पेसोचं चिन्ह आणि डॉलरचं चिन्ह एकच आहे! मेन्यूवर चिन्ह आणि पुढे २०० लिहिलं असेल तर ते पेसो, पण किंतावरच्या काही दुकानांत डॉलरमध्येही लिहितात, म्हणून शंका आली की विचारा. पुढे 'एम. एन.' असेल तर नक्की पेसो, 'मोनेदा नासिओनाल'. डॉलर देऊ नका, दुकानदार स्वतःच्या सोयीचा रेट लावतो.

किंतावर उघड्यावर उभी असलेली एटीएम मशीनं टाळा, फी जबर. खऱ्या बँकेच्या आतलं वापरा, आणि मशीनने 'आमच्या रेटने बदलून देऊ का' विचारलं की नाही म्हणा, पैसे तरीही मिळतात.

नवीन ५०० ची नोट निळी आहे आणि तिच्यावर बेनितो हुआरेस. २० ची जुनी नोट पण निळी, तिच्यावरही बेनितो हुआरेस. एकदा संध्याकाळी टॅक्सीत मी ५०० दिली, ड्रायव्हरने हात खाली नेऊन वर आणला तर हातात २० ची, म्हणतो सेन्योरा हे कमी आहेत. सिद्ध काय करणार. तेव्हापासून नोट देताना आकडा मोठ्याने बोलते, 'किनिएन्तोस', आणि मगच सोडते.

७. फिरणं

टॅक्सीला मीटर नाही, बसायच्या आधी भाव ठरवा. पण गावातल्या माणसाचं वाहन म्हणजे कोलेक्तिवो, पांढऱ्या व्हॅन, आपली वडाप. कानकून आणि तुलूमच्या व्हॅन काये २ वर, १५ आणि २० च्या मध्ये उभ्या असतात, भरली की सुटते. हायवेवर कुठेही हात दाखवा. मोठ्या बॅगा असतील तर 'आदो' कंपनीची बस, विमानतळालाही तीच. कोझुमेलची बोट पाऊण तासाची, तिच्या खिडकीवर परदेशी, मेक्सिकन आणि स्थानिक असे वेगळे भाव असतात, तुमचं रेसिडेन्सी कार्ड आणि, हो, लाईट बिल घेऊन जा आणि स्थानिक भाव मिळेल का विचारा. मी पहिली चार तिकिटं पाहुणीच्या भावाने काढली होती.

८. पोटापाण्याचं

नळाचं पाणी प्यायचं नाही. २० लिटरचा जार, 'गर्राफोन', गाडीवाला ओरडत येतो. गॅस सिलिंडरचा पण तसाच. संपलं.

शाकाहारी लोकांनी पुढचं नीट वाचा. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको सांगितलं की इथे बीफ काढतात, चिकन आणि हॅम हे मांसात मोजत नाहीत. बीन्स म्हणजे आपल्याला सात्त्विक वाटतात, पण त्या पुष्कळदा 'मान्तेका' म्हणजे डुकराच्या चरबीत परततात. भात 'काल्दो दे पोयो'त, चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. म्हणून विचारायचं: 'येवा मान्तेका? येवा काल्दो दे पोयो?' (येवा म्हणजे 'यात आहे का'). माझी सासू आली होती तेव्हा महिनाभर मी हे दोन प्रश्न पोपटासारखे म्हणत होते, एका टपरीवरच्या बाईने शेवटी मला बघितलं की स्वतःच 'नो येवा, नो येवा' म्हणायला सुरुवात केली. मक्याच्या तोर्तिया साधारण चालतात, मका, चुना आणि पाणी. मैद्याच्या असतील तर पुन्हा मान्तेका विचारा.

बाकी स्वयंपाकघर परकं वाटणार नाही. तवा आहे, 'कोमाल'. कोथिंबीर, मिरच्या, चिंच, पपई, पेरू, शेवग्यासारखं काही मिळालं नाही तरी चायोते मिळतो, त्याची भाजी दुधीसारखी होते. 'हामाइका'चं लाल सरबत म्हणजे आपल्या अंबाडीच्या कुळातलंच फूल. चिकू तर इथलाच, शब्दसुद्धा मेक्सिकोतल्याच जुन्या भाषेतून आलाय, आणि त्याच्याच झाडाच्या चिकातून पूर्वी च्युइंगम बनायचं, या भागातल्या जंगलात लोक झाडांना चिरा मारत फिरायचे. आबानेरो मिरचीला मात्र कमी समजू नका. 'आम्ही लवंगी खातो' म्हणून आमच्या एका मित्राने अख्खी चावली, पुढची वीस मिनिटं तो फ्रीजसमोर बसून होता.

तूरडाळ, पोहे, गोडा मसाला इथे मिळत नाही, मसाला तेवढा बॅगेत आणा (बिया, कच्चं धान्य कस्टमला काढून घेतात, मसाले दळलेले आणि सीलबंद आणा). झेंडू आणायची गरज नाही. ऑक्टोबरच्या शेवटी बाजारात ढीग लागतात, कारण १ आणि २ नोव्हेंबरला यांचा पितरांचा सण असतो, माया लोक त्याला हानाल पिशान म्हणतात, गेलेल्या माणसांसाठी जेवण मांडतात. दिवाळी त्याच दिवसांत आली तर तोरणाची सोय फुकटात होते. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

९. आजारपण

साध्या तापाला मोठ्या हॉस्पिटलात पळू नका. बऱ्याच औषधांच्या दुकानांना लागून डॉक्टरची छोटी खोली असते, फी अगदी किरकोळ. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. डेंग्यू आहे इथे, ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन नको, आणि दुसऱ्या दिवशी रक्त तपासा. एका खासगी हॉस्पिटलात नवऱ्याला पोटदुखीने नेलं तर सलाइन लावायच्या आधी क्रेडिट कार्ड मागितलं, रक्कम ऐकून माझंच पोट दुखायला लागलं. इन्शुरन्स आल्या आल्या काढा, आणि त्यांचं कुठल्या हॉस्पिटलशी थेट बिलिंग आहे ते आधीच विचारा.

१०. समुद्र, आणि जून ते नोव्हेंबर

फोटोतला निळा समुद्र खरा आहे, पण बारा महिने नाही. साधारण एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत 'सारगासो' येतं, तपकिरी समुद्री शेवाळ, २०११ पासून हे लोंढे कॅरिबियनभर यायला लागले. काठावर कुजलं की सडक्या अंड्यांचा वास आणि त्या वायूने एसीची कॉइल, चांदीचे दागिने काळे. किनाऱ्यालगतचं घर महाग घेऊन हा वास फुकट मिळतो. बीच मात्र कायद्याने सगळ्यांचा आहे, हॉटेलवाल्याने हटकलं तरी पाण्याकाठची वाळू सरकारी.

वादळांचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये विल्मा या भागावर दोन दिवस ठाण मांडून बसलं होतं, जुनी माणसं अजून त्याच्याच आधी-नंतर अशी वर्षं मोजतात. २०२० ला निसर्ग श्रीवर्धनकडे आलं तेव्हा माझ्या आत्याचे पत्रे उडाले होते, त्यामुळे मला भीतीची ओळख होती, तयारीची नव्हती. इथे इशारे रंगांत येतात: निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. पिवळा झाला की बाजार करा, नारिंगीला दुकानं रिकामी असतात. दोन गर्राफोन भरलेले, गच्चीवरची टाकी भरलेली, गॅस, टॉर्च, कागदपत्रं झिपच्या पिशवीत, आणि रोख पेसो, कारण वीज गेली की कार्ड मशीन आणि एटीएम दोन्ही गेलं. खिडकीवर चिकटपट्टीची फुली मारतात त्याने काही होत नाही, प्लायवूड लागतं, मालक लावणार की तुम्ही ते करारातच विचारा.

घरच्यांना फोन कधी लागेल ते सांगून ठेवा. आपल्याकडचं घड्याळ इथल्यापेक्षा साडेदहा तास पुढे, वर्षभर तेवढंच, या राज्यात उन्हाळी वेळ बदलत नाही. मी सकाळी आठला फोन करते, तिकडे साडेसहा, आई दिवा लावून मोकळी झालेली असते.

११. रिन्यूअल

पहिलं कार्ड एका वर्षाचं. संपायच्या आधीच्या ३० दिवसांत रिन्यू करायला जा, तेव्हा पुढची तीन वर्षं एकदम मागता येतात, नोकरीचं असेल तर कंपनीचं पत्र लागतं. त्या दिवसांत भारतात असाल तर गोंधळ होतो, म्हणून गणपतीची तिकिटं काढायच्या आधी कार्डावरची तारीख बघा. आणि भारतातून परत येताना काउंटरवर पासपोर्टसोबत कार्डही द्या, नाहीतर तो पुन्हा टुरिस्टचा शिक्का मारेल.

ऑफिसात नावाने पुकारतात, कान उघडे ठेवा. मला तिथे अजून माझ्या नवऱ्याच्या नावाने हाक मारतात. मी हात वर करते.